पुष्करपर्यंत

धुळे,
चैत्र शुद्ध ६, सन १९३७

प्रिय मंदा,

अमळनेरला सगळे खुशाल आहेत असं धरूनच लिहायला बसले आहे. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? शाळेतल्या पोरी तुला आता 'मंदाबाई' म्हणतात, मी मात्र म्हणणार नाही. एका बाकावर बसून तुझ्या दप्तरातली बोरं खाल्लेली आहेत मी. इकडे हे आणि मी बरे आहोत. भुवासा बऱ्या नाहीत, पण त्यांचं पुढे सांगते.

आम्ही मोटारीने निघालो आहोत. तू डोळे मोठे करशील म्हणून पुन्हा लिहिते, मोटारीने. कापसाच्या जिनिंगमधला एक पारशी मॅनेजर विलायतेला जाताना आपली जुनी फोर्ड विकून गेला, ती यांनी दिवाळीत घेतली. सासरेबुवा आठ दिवस तिच्याकडे पाठ करून बसत होते. आता तेच म्हणाले की हिनेच मारवाडात जाऊन या. लग्नानंतर जोडप्याने कुलदेवीला जाऊन यायचं असतं, ते आमचं सात वर्षं राहून गेलं होतं. म्हणजे धुळे, शिरपूर, सेंधव्याचा घाट, नर्मदा, इंदूर, नीमच, चितोड, अजमेर, पुष्कर आणि मग पुढे वाळूत आमचं मूळ गाव. घरात त्याला सगळे 'देश' म्हणतात. मी तो देश पाहिलेला नाही. मी अमळनेरला जन्मले आणि जळगावला दिले गेले, त्यापलीकडे माझं जग नाही.

जळगावहून निघताना पुढे हे, मागे मी आणि भुवासा. भुवासा म्हणजे यांची आत्या, सासरेबुवांची विधवा थोरली बहीण. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे पाळधी गेलं, एरंडोल गेलं, तरी मी घुंगटाच्या आतून फक्त यांची मान पाहत होते. काही विचारायचं झालं की भुवासांना सांगायचं, त्या यांना सांगणार, हे त्यांना उत्तर देणार आणि त्या ते मला सांगणार. मोटारीच्या आवाजात हा सगळा फेरा ओरडून करावा लागत होता. पारोळ्याच्या पुढे भुवासांना मळमळायला लागलं. लिंबू झालं, आलं झालं, नवकार मंत्र म्हणून झाला. धुळ्यात त्यांच्या लेकीचं घर आहे, तिथे उतरल्या आणि म्हणाल्या, "मदन, मी आता बैलगाडीशिवाय कशात बसणार नाही. तुम्ही दोघं जा. बिनणी, घुंगट सांभाळ." बिनणी म्हणजे सूनबाई, म्हणजे मी. उद्यापासून आम्ही दोघंच आहोत. लग्नाला सात वर्षं झाली, पण दिवसाउजेडी आम्ही दोघंच असे कधी नव्हतो.

मी आनंदात असायला हवी आणि आहेही. पण एका जागी बसवत नाही. भुवासांची लेक म्हणाली, हिला मुंग्या चावतायत का.

आज चाकाला ठिगळ लावायला गाडी यांच्या ओळखीच्या छगन मिस्त्रीकडे नेली होती. मी मागे बसूनच होते. तो वाकून मागचं चाक बघत यांना म्हणाला, "शेठ, चाक बसनं त्याले कारण शे. इतलं बठ्ठं सामान कसाले? बाई काय कायमनी जाई ऱ्हायनी का?" हे हसले नाहीत. एरवी छगनच्या बोलण्यावर खो खो हसतात. नुसतं म्हणाले, "तू चाक बघ."

सामान सासूबाईंनी बांधलं. त्यात दोन जाड रजया आहेत. चैत्रात रजया कशाला? माझी लोकरीची शाल आहे, लग्नातलं चांदीचं ताट आहे, माझी जपाची माळही आहे. महिन्याभराच्या प्रवासाला हे लागत नाही.

माझ्या जेठाणी, म्हणजे थोरल्या जाऊबाई, दिवाळीच्या आधी वारल्या, ते तुला कळवलं होतं. त्या जळगावात कधी राहिल्याच नाहीत. देशातल्या हवेलीत घरची एक सून कायम असायला हवी, दिवा लावायला, वास्तू उघडी ठेवायला, अशी आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. पुरुष इकडे व्यापार करतात आणि वर्ष-दोन वर्षांनी तिकडे पंधरा दिवस राहून येतात. जेठाणी लग्न होऊन तिकडे गेल्या त्या तिकडेच संपल्या. दिवाळीपासून हवेली बंद आहे. मला मूल नाही, म्हणजे पायात काही अडकलेलं नाही, असं सासूबाई परवा शेजारणीला सांगत होत्या.

कोणी मला काही सांगितलेलं नाही. यांनीही नाही. मीही यांना काही विचारलेलं नाही. माझ्याकडेही सांगण्यासारखं एक आहे, पण ते आज नको. उद्या सेंधव्याचा घाट. मला तो बघायचा आहे, मंदा, काहीही झालं तरी बघायचा आहे.

तुझी अस्वस्थ,
जतन


पुष्कर,
चैत्र पौर्णिमा

प्रिय मंदा,

धर्मशाळेच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. बसून म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, फाटकापर्यंत जाते, रस्ता बघते आणि परत येते. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर त्याचं हे कारण. मी इथे एकटी आहे. त्याचं सांगतेच, पण आधी प्रवासाचं सांगू दे. ते सांगताना मला बरं वाटतं.

धुळं मागे पडलं आणि यांनी गाडी थांबवली. मागचं दार उघडून म्हणाले, "पुढे येऊन बस." मी पुढे जाऊन बसले. शिरपूर येईपर्यंत आम्हा दोघांना बोलायला काही सुचेना. मग मी विचारलं, हा दांडा कशाचा? त्यानंतर हे जे बोलायला लागले ते इंदूरपर्यंत थांबले नाहीत. हा माणूस इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं. गातातही, वाईट गातात.

सेंधव्याच्या घाटात गाडी तापली आणि वाफा सोडायला लागली. जवळ पाणी नाही. भुवासांनी आमच्यासाठी सुरईत उकळलेलं पाणी भरून दिलं होतं, कच्चं पाणी पिऊ नका म्हणून शपथ घालून. यांनी ते सगळं गाडीला पाजलं. मी म्हटलं, भुवासांचं पुण्य गाडीला लागलं. तर म्हणाले, काळजी करू नको, गाडी ते पुन्हा उकळून देईल. त्या दिवशी आम्ही दुपारपासून तहानलेले होतो आणि आमच्या जैन रीतीने सूर्यास्ताच्या आत पाणी मिळालं नाही तर सकाळपर्यंत प्यायचं नाही. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा एका पाड्यावर पोचलो. रोज संध्याकाळी हीच शर्यत. मी पुढे बसून ओरडायची, अजून दोन बोटं आहे, अजून एक बोट आहे, आणि हे गाडी पळवायचे.

नर्मदेवर दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या टाकल्या होत्या. त्यावर मोटार चढवली. मी आत बसून राहायला नकार दिला आणि होडीच्या टोकाला उभी राहिले. घुंगट कुठे होता ते विचारू नकोस.

नीमचहून आडवाटेला लागून चंबळेची घळ पाहिली. सपाट माळ, पळसाची खुरटी झाडं, काही असेल असं वाटतच नाही, आणि चार पावलांवर जमीन संपते. दोन्ही बाजूंनी तांबड्या दगडाच्या सरळ भिंती, थरावर थर, आणि खूप खाली हिरवं पाणी. गिधाडं आमच्या पायांच्या खाली उडत होती. त्यांच्या पाठी मी पहिल्यांदाच पाहिल्या. मी कडेला गेले तेव्हा यांनी माझा पदर घट्ट धरला. "पडशील," म्हणाले. मी म्हटलं, पडायचंच असतं तर जळगावात काय विहिरी नाहीत? त्यांचा चेहरा पडला. मला लगेच वाईट वाटलं, पण मी ते शब्द मागे घेतले नाहीत.

त्याच्या पुढे एका संस्थानाचं राखीव रान लागलं. यांच्या ओळखीच्या एका आडत्याने आत जायची चिठ्ठी दिली होती. पहारेकऱ्याने दरबार, म्हणजे तिथले राजे, बसून शिकार करतात ती दगडी ओदी दाखवली. वाघ दिसला नाही, पण धुळीत त्याचे पंजे पाहिले, ताजे होते. रानाच्या कडेने चुना लावलेले खांब आहेत. मी विचारलं, वाघ खांबाच्या बाहेर गेला तर? पहारेकरी म्हणाला, बाईसा, बाहेर गेला तर कोणीही मारील, आत आहे तोवर फक्त दरबार मारतील. हे हसले. मला हसू आलं नाही.

चितोडनंतर हे गप्प होत गेले. गाडी उगाच थांबवायचे, चाकं बघायचे, पाणी बघायचे. अजमेरला विनाकारण दोन दिवस काढले. मग घाट ओलांडून पुष्करला आलो आणि परवा सकाळी गावाबाहेर पहिली वाळू लागली.

मंदा, ती वाळू मी तुला कशी सांगू? सकाळी गार असते. पाय टाकला की आत जातो आणि काढला की खूण बुजते. मी जोडे काढून टेकाडावर चढले. पलीकडे आणखी टेकाड, त्यापलीकडे आणखी. मला पुढे जायचं होतं. खरं सांगते, इतकं कुठेच जावंसं वाटलं नव्हतं. आणि मला पुढे जाता येत नव्हतं, कारण माझी हद्द तिथे संपते.

आता सांगते. माघात आमच्या जळगावच्या स्थानकात, म्हणजे आमचे साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूत, एक साध्वी महासतीजी उतरल्या होत्या, तेव्हा मी त्यांच्यासमोर हात जोडून दिशेचं पचखाण घेतलं. आपल्या अमळनेरच्या शाळेत तुला हे कोणी शिकवलं नसेल. आमच्यात श्रावकाने घ्यायचं हे एक व्रत आहे. अमुक दिशेला अमुक ठिकाणापर्यंत जाईन, त्यापुढे जन्मात पाऊल टाकणार नाही. तेवढीच आपल्या हातून हिंसा कमी, लोभ कमी. म्हाताऱ्या माणसांनी हे घ्यावं अशी पद्धत आहे. महासतीजी म्हणाल्या, एवढ्या लहान वयात? मी म्हटलं, हो. घरात कोणालाही सांगितलं नाही.

जेठाणी वारल्या त्या दिवसापासून मला कळलं होतं की आता माझी पाळी. नाही म्हणायची सोय आमच्याकडे सुनेला नाही. पण घेतलेलं पचखाण मोडायला लावायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही, सासरेबुवांचीही नाही. आणि माझा हावरटपणा बघ. नर्मदेची हद्द मागितली असती तर काम झालं असतं. पण मग मी घळ पाहिली नसती, रान पाहिलं नसतं. संक्रांतीला मी तुझ्या शाळेत येऊन भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिले होते आणि तू म्हणालीस, आता भूगोल शिकून काय करणार? हेच करणार होते. बोटाने एकेक गाव मोजत वर गेले. जिथे वाळू सुरू होते आणि आमचा देश अजून लांब असतो, तिथे बोट थांबवलं. उत्तरेला पुष्करपर्यंत.

टेकाडावरून उतरून मी यांना ते सांगितलं. हे गाडीच्या पायरीवर बसले.

"जळगावलाच का नाही सांगितलंस?"

"मग गाडी निघालीच नसती. मला बघायचं होतं."

ते वाळूत बोटाने रेघा काढायला लागले. मग म्हणाले, "म्हणजे तुला माहीत होतं."

"रजया बांधताना मी घरातच होते. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. इंदूरला वाट बघितली, चितोडला बघितली."

"रोज रात्री ठरवायचो, उद्या सांगू," ते म्हणाले. "मग सकाळी तू पुढे येऊन बसायचीस."

मला त्यांचा फार राग आला, मंदा. अजून आहे. गाणी म्हणत म्हणत हा माणूस मला तिकडे टाकायला नेत होता. आणि तरी ते तिथे तसे बसलेले बघून मला त्यांच्या शेजारी बसावंसं वाटलं. बसले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू नाही गेलीस तर बाबूजी गुलाबला पाठवतील."

त्यांनी ते मला धाक घालायला म्हटलं नव्हतं. आहे ते सांगितलं. गुलाब म्हणजे माझी देवराणी. माझ्या धाकट्या दिराशी, रुपचंदशी, गेल्या वर्षी लग्न झालं, वय पंधरा, अजून माहेरी तुमच्याच अमळनेरला आहे. तुझ्या शाळेत होती.

काल पहाटे हे एकटेच देशाला गेले. हवेली उघडून, सामान ठेवून, भाऊबंदांना कळवून येतो म्हणाले. भाऊबंद इथे येऊन मला ओढून नेतील का, हे स्वतःच तिथे अडकतील का, मला काही कळत नाही. पुन्हा फाटकापर्यंत जाऊन येते.

गाडीचा आवाज आला असं वाटलं. उंटगाडी होती. पत्र इथेच थांबवते आणि टपालात टाकते, नाहीतर दिवसभर हेच लिहीत बसेन.

हद्दीवर बसलेली,
जतन


धुळे,
चैत्र वद्य ९

प्रिय मंदा,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे आणून देणारा माणूस समोर उभा असेल. त्यांना पाणी दे, उकळून. आणि सूर्य वर असेल तर काहीतरी खायला घाल. पत्र मात्र आधी वाच, कारण आखाजी, अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे.

हे पुष्करला परत आले, एकटेच आले. मी फाटकातच होते. रजया मागच्या बाकावर तशाच होत्या. अजमेर सोडून नासिराबादच्या पुढे गाडी थांबवून त्यांनी मला सांगितलं. हवेली मोठी आहे, दगडी आहे, खिडक्या सगळ्या आतल्या चौकात उघडतात. बाहेर बघायला वर गच्चीवर जावं लागतं. हे वर गेले तर गच्चीच्या चुन्यावर कठड्याच्या कडेने एक पायवाट पडलेली. चारी बाजूंनी, घासून गुळगुळीत झालेली. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, "तुमची भाभी रोज संध्याकाळी फिरायची. दिवा लावला की वर जायची आणि पार अंधार पडेपर्यंत चालत राहायची."

हे सांगताना ते रडले. मी त्यांना थांबवलं नाही. मीही रडले, पण जेठाणींसाठी. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एका घरच्या दोन सुना आम्ही, आणि मला आता फक्त त्यांचं चालणं माहीत आहे.

परवा धुळ्यात पोचलो. भुवासा ओट्यावरच बसल्या होत्या. मला गाडीतून उतरताना बघून त्यांनी आधी कपाळाला हात लावला. हे खाली मान घालून उभे. मग मीच घुंगटातून सांगितलं, यांच्यासमोर, मोठ्याने. भुवासांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"पचखाण म्हणजे पचखाण," त्या म्हणाल्या. "त्याच्या आड मी येणार नाही आणि भावालाही येऊ देणार नाही. एवढ्या लहान वयात घेतलंस, धन्य आहेस."

इतकं सोपं झालं ते. आणि लगेच पुढे भुवासा म्हणाल्या, "मग गुलाबला पाठवू. आखाजी झाली की तिची पाठवणी आहेच. जळगावला कशाला आणायची, अमळनेरहून सरळ देशालाच नेऊ."

त्या वाईट नाहीत, मंदा. नंतर मला स्वतःच्या हाताने शिरा करून घातला. हवेलीत दिवा लागलाच पाहिजे, एवढंच त्यांना माहीत आहे. ज्या बाईने तो दिवा लावला तिच्या पायांचं काय झालं हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, बाईचे पाय कुठेतरी चालणारच.

कालपासून मी या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरते आहे. मी सुटले आणि माझ्या जागी ती पोर. आखाजीला झोके घ्यायचे तिचे दिवस आहेत.

म्हणून तुला काम सांगते. त्याच महासतीजी विहार करत आता अमळनेरला आल्या आहेत, असं इथल्या स्थानकात कळलं. आखाजीनंतर पुढे जातील. तू गुलाबच्या घरी जा. तिच्या आईसमोर काही बोलू नकोस, पुस्तक द्यायला आले असं सांग आणि पोरीला बाजूला घे. गच्चीचं सगळं सांग, काही लपवू नकोस. तिला तिकडे जायचंच असेल तर जाऊ दे, तिच्यावर जबरदस्ती नको. पण जायचं नसेल तर आखाजीच्या आत तिने महासतीजींसमोर हात जोडावेत.

आणि एक गोष्ट नीट सांग. यात मी चुकले आहे आणि ते मी यांनाही सांगितलेलं नाही. दिशेचं पचखाण एका दिशेचं नसतं, चारी दिशा बोलाव्या लागतात. माझं सगळं लक्ष उत्तरेकडे होतं. घळ बघायची, वाळू बघायची आणि देश बाहेर ठेवायचा, एवढंच डोक्यात. महासतीजींनी विचारलं, पूर्व? मी म्हटलं, भुसावळ. दक्षिण? अजिंठ्याचा घाट. पश्चिम? तोंडाला आलं ते बोलून गेले, धुळे. त्या म्हणाल्या, शाबास, किती संतोष आहे या मुलीला. तेव्हा मला फार हुशारी वाटली.

आज ज्या खोलीत बसून लिहिते आहे, ती माझी पश्चिमेची हद्द आहे. इथून पुढे सुरत आहे, समुद्र आहे. यांना कालपासून सुचलं आहे की पुढच्या हिवाळ्यात आपण मुंबईला जाऊ, समुद्राच्या कडेने गाडी चालवू. मी हो म्हणाले. नाही कसं म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. त्यांनी विचारल्याबद्दल मला आनंद झाला, तो मला दोन दिवस तरी ठेवायचा आहे.

वडिलांसमोर तोंड उघडायची हिंमत यांच्यात अजून आलेली नाही. पण हे पत्र टपालात टाकू का विचारलं, तर म्हणाले, टपालाला उशीर होईल, मीच नेतो. घरात सांगितलं की अमळनेरला चाक बदलून मिळतं. आत काय लिहिलं आहे ते त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना ते कळलेलं आहे.

गुलाबला सांग, उत्तरेला देश तेवढा बाहेर ठेव. बाकी तीन दिशांना मागताना हात आखडू नकोस. कोणी शाबास म्हणेल, त्या शाबासकीला भुलू नकोस. पूर्वेला काशी माग, दक्षिणेला रामेश्वर माग. पश्चिमेचं विचारलं की घाई करू नकोस, श्वास घे, आणि समुद्र माग, आख्खा माग.

पश्चिमेच्या माझ्या शेवटच्या गावाहून,
तुझीच,
जतन